क्रुसाची वाट घरांत

उपवासकाळांतील शुक्रवारीं ख्रिस्तमंदिरांत क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होते. परंतु कोथरुडांतील किती कुटुंबें तीस एकत्र उपस्थित राहतात? क्वार्टर गेटाजवळील, 1792 सालीं स्थापन झालेलें जुनें मंदिर येथून दूर पडतें. त्यांत वडिलांचीं कामें व मुलांच्या परीक्षा. अडचण खरी आहे.

परंतु या भक्तीचा विस्तार अशाच अडचणींतून झाला. यरुशलेमास जाऊन प्रभूच्या दुःखमार्गानें चालणें ज्यांस शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं फ्रान्सिस्कन साधूंनीं ती वाट गांवोगांवच्या मंदिरांत आणिली. पोप बारावे क्लेमेंट यांनीं 1731 सालीं चौदा स्थानें निश्चित केलीं. यरुशलेमाहून मंदिरांत आलेली वाट मंदिरांतून आपल्या घरांत कां येऊं नये?

कोणी म्हणेल, प्रभूचें तीनदां पडणें व वेरोनिकेची भेट शुभवर्तमानांत नाहीं. खरें आहे, ती परंपरा होय, आणि मुलांस तसें स्पष्ट सांगावें. परंतु पांचव्या स्थानींचा शिमोन कुरेनेकर शुभवर्तमानांत आहे. त्या वाटसरूस परक्याचा क्रूस उचलावा लागला. हें वाचून उठलेला मुलगा आईच्या हातांतील बाजाराची पिशवी घेत नसेल, तर त्याची प्रार्थना ओठांवरच राहिली.

म्हणून पालकांस विनंति कीं, शुक्रवारीं रात्रीं अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावें. मुलांनीं वाचावें, वडील मंडळींनीं ऐकावें. प्रार्थना मराठींत असावी. फादर स्टीफन्स यांचें 1616 सालीं छापलेलें ख्रिस्तपुराणही लोकांच्याच भाषेंत होतें. शाळा प्रार्थनेचे शब्द शिकवूं शकते. प्रार्थनेची संवय मात्र घरानेंच लावावी लागते.