संप, पाइप आणि खालच्या काकू

परवा नाशिकहून मावसभावाचा फोन आला. सहा फुटी फिशटँक घेतोय म्हणे, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर ६८० लिटर. मासे कोणते, झाडं कोणती, मागे काळा कागद की निळा, सगळं ठरलंय. पाणी खाली संपमध्ये (कामगारांचा नव्हे, फिल्टरसाठी खाली ठेवतात ती टाकी!) कसं उतरणार विचारलं, तर म्हणाला, "ते प्लंबर बघेल रे दादा."

इथेच माझं डोकं फिरतं. पंप बंद पडल्यावर पाणी कुठे जाईल, हे त्या बिचाऱ्या प्लंबरला कधी कुणी विचारलेलंच नसतं. आणि माझं तर ठाम मत आहे की सगळी आखणी वीज जाते त्या क्षणासाठी करावी. चालू पंपावर काय, सगळंच छान दिसतं.

मला हे २००९ साली कळलं. टाकी चार फुटी, दीड फूट रुंद. पंपाकडून वर येणाऱ्या पायपाचं तोंड पाण्यात वीस सेंटीमीटर खोल ठेवलेलं, का तर तळाचं पाणी फिरावं. पाणी उलटं येऊ नये म्हणून मध्ये एनआरव्ही. एका रात्री वीज गेली. व्हॉल्व्हच्या झडपेत मिरीएवढी गोगलगाय अडकली होती, झडप मिटलीच नाही. तोच पाइप सायफन झाला आणि वीस सेंटीमीटर पाणी, म्हणजे सुमारे ११० लिटर, खाली आलं. संपमध्ये रिकामी जागा चाळीस लिटरची. उरलेलं आमच्या हॉलमध्ये, आणि सकाळपर्यंत खालच्या काकूंच्या छतात. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. नातीच्या साखरपुड्यासाठी महिन्यापूर्वीच काढलेला रंग त्यांनी नुसता बोटाने दाखवला. ते बोट अजून आठवतं.

असो. आता त्याच्या टाकीचा हिशेब. सहा बाय दोन फूट म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की अकरा लिटर खाली. पायपाचं तोंड पृष्ठभागाखाली तीनच सेंटीमीटर ठेवलं, तर तेहेतीस लिटर येऊन हवा शिरते आणि सायफन आपोआप तुटतो. चार बाय दीड फुटाच्या संपमध्ये त्याने पातळी सहा सेंटीमीटर चढेल, ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं पाणी धरून सात. तेवढी जागा, आणि वर तेवढीच आणखी, संपमध्ये कायम रिकामी हवी. काचेवर मार्करने रेघ मारावी आणि पंप चालू असताना त्याच्यावर पाणी भरू नये. एनआरव्ही हवा तर बसव, पण हिशेबात धरू नकोस.

दुसरा धोका उलटा. वरून पाणी उतरायला एकच पाइप, आणि त्यात व्हॅलिसनेरियाचं पान जाऊन बसलं, की पंप आपला इमानदारीत पाणी वर ढकलत राहतो. म्हणून पाइप तीन. पहिला पूर्ण भरून वाहणारा, खाली व्हॉल्व्ह लावून जुळवलेला. त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. दुसऱ्यातून नुसती ओघळ. तिसरा थोडा उंच, कोरडा, आणि त्याला व्हॉल्व्ह अजिबात नको. शिवाय संपमधला पंपाचा कप्पा इतका लहान ठेवावा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकी काठाबाहेर सांडणार नाही. वर चार सेंटीमीटर मोकळे असतील, तर कप्प्यात चाळीस लिटरच्या आतच. पंप कोरडा चालून जळाला तर जळू दे, नवा आणता येतो.

काचेला भोक नको म्हणून काठावरून लटकणारा यू पायपाचा डबा त्याला आवडलाय. मला नाही. त्यात हवा साठून सायफन तुटला, की वीज आल्यावर पंप चालू होतो आणि पाणी उतरायला वाटच नसते. साधी काच असेल तर डायमंड बिटने, पाणी सोडत, टाकी भरण्याआधी भोकं पाडून घ्यावीत. टफन्ड काचेच्या मात्र वाटेला जाऊ नये, बिट लागताच तिचा चुरा होतो.

आणि मासे आणण्याआधी मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून बघ म्हटलं, जवळ फडकं घेऊन.

एवढं सगळं ऐकून पठ्ठ्या म्हणाला, "दादा, तिसऱ्या पायपाचे पैसे तू दे."

देतो म्हटलं. एल्बोसकट.