यंदा निकालाची यादी नाही

जुलै उजाडला की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या ईमेलवर एक ठरलेली विचारणा सुरू होते: मुलांचे मार्क कधीपर्यंत पाठवायचे? सप्टेंबरच्या अंकात जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या गुणवंतांची यादी छापायची, शेजारी फोटो, आणि गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. यंदा यादी छापणार नाही. कार्यकारिणीत यावर चांगलीच खडाजंगी झाली, काही जण अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणंही सांगते, पण निर्णय झालाय तो आधी कळवलेला बरा.

यादीत आपण जे ‘नाइन’ मोजतो ते टक्के नव्हेत. २०१७ साली इंग्रजी आणि गणितात, मग टप्प्याटप्प्याने इतर विषयांत, जीसीएसईच्या ए-बी-सीची जागा ९ ते १ या श्रेणींनी घेतली. ४ म्हणजे पास, ५ म्हणजे चांगला पास, ७ म्हणजे जवळपास जुना ए. आणि ९ साधारण वीस उत्तरपत्रिकांत एखादीलाच मिळतो. किती गुणांना कोणती श्रेणी, हे दर वर्षी, दर विषयाला नव्याने ठरतं. आपण मात्र मनातल्या मनात दहावीचं माप लावतो. सात? म्हणजे सत्तर टक्के. बरा आहे, पण सांगण्यासारखं काही नाही. त्यामुळे सगळ्या विषयांत सात आणणाऱ्या मुलीच्या घरून मार्क येतच नाहीत, आणि यादीत तीच ती आठ-दहा घरं दिसतात. ज्यांची नावं नसतात त्यांच्याबद्दल कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत चौकशी होते, ती आणखी वाईट.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा: मुलं राबली, शाळा तर वर्गात पहिलं कोण आलं तेही सांगत नाही, मग कौतुक आपण नाही करायचं तर कोणी? यात तथ्य आहे. म्हणून सत्कार राहील. इयर इलेव्हन आणि इयर थर्टीन संपवलेल्या मंडळातल्या प्रत्येक मुलाला स्टेजवर बोलावू, नाव घेऊ, पुढे काय करणार ते त्याच्या तोंडून ऐकू. मार्क विचारणार नाही. तिकडे महाराष्ट्र बोर्डाची गुणवत्ता यादीसुद्धा बंद होऊन बरीच वर्षं झाली. पेढा भरवणाऱ्या आईवडिलांसकट ‘बोर्डात पहिला’ असे फोटो आता पेपरात येत नाहीत. आपण ज्या साली देश सोडला ते साल मात्र आपण इथे लोणच्यासारखं मुरवत ठेवलंय.

यादीपेक्षा मला काळजी वाटते ती शाळेच्या शेवटच्या पत्राची. वर्ष संपताना प्रत्येक शाळा पालकांना एक लांबलचक पत्र पाठवते: स्पोर्ट्स डेला कुठलं हाउस जिंकलं, कोणते शिक्षक चालले, नवीन प्रयोगशाळा कधी होणार, ब्लेझर कुठे मिळेल, शाळा कधी उघडणार. बहुतेक घरांत ते अर्ध्यावर बंद होतं आणि रिपोर्ट उघडला जातो. रिपोर्टातही नजर जाते ती आकड्यांवर. खरा मजकूर असतो शिक्षकांच्या दोन ओळींत आणि त्या इंग्रजांच्या सभ्यतेने लिहिलेल्या असतात. ‘वर्गातल्या चर्चेत अधिक सहभाग घेतल्यास फायदा होईल’ याचा अर्थ पोरगं वर्षभर तोंड उघडत नाही. ‘उत्साही आणि गप्पिष्ट’ म्हणजे बाईंना शिकवू देत नाही. ‘क्षमतेपेक्षा कमी’ असं लिहिलं असेल तर ती पालकांना केलेली कळकळीची विनंती समजावी. अभ्यासाबद्दलच्या वृत्तीचा एक वेगळा रकाना असतो, तो विषयवार वाचून बघा. गणितात उत्तम आणि भूगोलात बेफिकीर असं दिसलं तर भूगोल इयर नाइनला ऑप्शन निवडताना सोडायचा का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

त्या पत्रातल्या तारखांकडे यंदा जरा जास्त लक्ष हवं, कारण पंचांगाने घोळ घातला आहे. या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले. आषाढी एकादशी २५ जुलैला, म्हणजे शाळा सुटल्या सुटल्या. आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला (तिचं दुसरं नाव ज्यांना माहीत आहे त्यांना आहे) आणि दुसऱ्या दिवशी, १३ ऑगस्टला, सकाळी ए-लेव्हलचे निकाल. त्याच्या पुढच्या गुरुवारी, २० तारखेला, जीसीएसईचे. गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला, सुटीत आली होती आणि कित्येक कुटुंबं गावचा गणपती करून परतली. यंदा तसं जमणार नाही.

तरी दोघा-तिघांनी विचारलंच, की सप्टेंबरात दोन आठवडे मुलांना नेलं तर काय होईल. ऑगस्ट २०२४पासून इंग्लंडभर एकच नियम आहे. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी भरली की दंडाचा विचार होतो: दर मुलामागे, दर पालकामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. दोन मुलं आणि दोन पालक म्हणजे ३२० किंवा ६४०. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झालं तर सरळ १६०, तिसऱ्यांदा दंडावर भागत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. ‘बाकी वर्षभर हजेरी चांगली आहे’ हा युक्तिवाद आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी फ्लोरिडाच्या सहलीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात नेऊन पाहिला. एप्रिल २०१७मध्ये तो फेटाळला गेला. विमानाच्या तिकिटात वाचतात त्याहून दंड कमी, असा हिशेब काही जण मांडतात. हिशेब चुकीचा नाही. पण इयर टेनचे सप्टेंबरचे दोन आठवडे म्हणजे जीसीएसईच्या नव्या विषयांचा पाया, तो कुठल्या रकान्यात धरायचा?

गणपतीच्या दिवसाची रजा मात्र मागता येते. आईवडिलांच्या धर्मातल्या खास धार्मिक दिवसासाठी आधी लेखी कळवून सुटी मागितली तर शाळा सहसा ती देतात. हजेरीपटात तिची वेगळी खूण असते, तिला दंड नाही. ती प्रतिष्ठापनेच्या एका दिवसाची, दहा दिवसांची नव्हे. तेव्हा कृपा करून त्या सोमवारी सकाळी फोन करून पोटदुखीचं कारण सांगू नका. मंगळवारी डब्यात मोदक घेऊन गेलेलं मूल फॉर्म ट्यूटरला आरतीपासून सगळं साग्रसंगीत सांगतं.

ऑगस्टात भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. इयर थर्टीनचं मूल असेल तर १३ ऑगस्टला शक्यतो इथे असा. हवे ते ग्रेड आले तर प्रश्न नाही. नाही आले तर क्लिअरिंगमधून दुसरी जागा शोधायची, आणि विद्यापीठं त्यासाठी विद्यार्थ्याशीच बोलतात, वडिलांशी नाही. इथे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात साडेबारा. आत्याकडे पंगत मांडलेली असताना, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना, मुलाने कोव्हेंट्रीच्या किंवा लिव्हरपूलच्या प्रवेश विभागाशी इंग्रजीत शांतपणे बोलायचं, हे त्याच्यावर लादू नये. जायचंच झालं तर चालणारा फोन, अर्जाचा क्रमांक आणि जीसीएसईच्या निकालाची प्रत जवळ ठेवा. इयर इलेव्हनवाल्यांचंही तेच. पुष्कळ सिक्स्थ फॉर्म निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रवेश पक्का करून घेतात, आणि हातात ग्रेड घेऊन समोर उभ्या असलेल्या मुलाचा विषयबदल जितका सहज होतो तितका ईमेलवर होत नाही.

इयर ट्वेल्व्हच्या पालकांना वाटतं की हे वर्ष निवांत, खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. तसं नाही. नुकत्याच झालेल्या अंतर्गत परीक्षांवरून शाळा प्रेडिक्टेड ग्रेड ठरवते आणि विद्यापीठं ऑफर देतात ती त्यांवर. ऑक्सफर्ड, केंब्रिज, आणि मेडिकल, डेंटल, व्हेटर्नरीच्या बहुतेक अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर. म्हणजे शाळा उघडल्यावर हातात जेमतेम सहा आठवडे. प्रेडिक्शन पटलं नसेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतः जाऊन विषयशिक्षकांशी बोलावं. आईने खरमरीत ईमेल पाठवल्याने ग्रेड वाढल्याचं ऐकिवात नाही.

आणि एक गोष्ट जी शाळेच्या पत्रात नसते, कारण शाळेला ती ठाऊक नसते. नोकरीच्या व्हिसावर गेल्या काही वर्षांत आलेली बरीच कुटुंबं आता मंडळात आहेत. त्यांची मुलं इथल्या शाळेत फुकट शिकली म्हणून विद्यापीठातही इथली फी लागेल असं नाही. साधा नियम असा की अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, शरद सत्राला म्हणजे १ सप्टेंबरला, मुलाकडे कायम वास्तव्याचा परवाना हवा आणि आधीची तीन वर्षं तो इथे राहिलेला हवा. लहानपणापासून इथेच वाढलेल्या मुलांना काही वेगळ्या वाटा आहेत, पण त्या प्रत्येकाला लागू होत नाहीत. परवाना २० सप्टेंबरला आला तर तीन आठवड्यांसाठी मूल ‘बाहेरचं’ ठरू शकतं. मग साधारण दहा हजार पौंडांच्या जागी वर्षाला त्याच्या दुप्पट-तिप्पट, मेडिकलला त्याहून जास्त, आणि सरकारी कर्जही नाही. अशा वेळी एक वर्ष थांबून जाणं शहाणपणाचं असतं. पण ते वर्ष ‘वाया गेलं’ असं आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, आणि त्या एका वाक्याच्या धास्तीने लोक घर गहाण टाकतात. हा हिशेब इयर ट्वेल्व्हच्या सुटीतच मांडा.

अॅप्रेंटिसशिपबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्यांच्या डिग्री अॅप्रेंटिसशिपमध्ये मुलाला पगार मिळतो, फी भरावी लागत नाही आणि शेवटी पदवी हातात पडते. जागा कमी, चुरस भरपूर. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेले कितीतरी जण आपल्यातच आहेत आणि आज चांगल्या हुद्द्यावर आहेत. आश्चर्य म्हणजे या वाटेला नाक मुरडण्यात तेच पुढे असतात.

आता जरा गंमत. इयर इलेव्हनच्या शेवटच्या दिवशी मुलं एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर मार्करने सह्या करतात, निरोप लिहितात, कधी मास्तरांची चित्रंही काढतात. एका घरी भारतातून नुकत्याच आलेल्या आजींनी तो शर्ट पाहिला, मुलाची कीव केली, आणि रात्रभर व्हॅनिशमध्ये भिजत घातला. सकाळी उजवी बाही जवळपास स्वच्छ निघाली होती. मार्कर चांगल्या प्रतीचा असल्याने पाठ वाचली. नातवाने दोन दिवस अबोला धरला. मग आजींनीच तो शर्ट इस्त्री केला आणि मोकळ्या झालेल्या बाहीवर देवनागरीत आशीर्वाद लिहून खाली सही ठोकली. ज्यांच्याकडे या महिन्यात आजी-आजोबा मुक्कामी आहेत त्यांनी बोध घ्यावा.

मंडळाकडून यंदा तीन गोष्टी. ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराच्या स्वयंसेवेसाठी इयर नाइनपासूनची मुलं रविवारच्या मराठी वर्गात मदत करू शकतील. ब्रॉन्झला किमान तीन महिने, सरासरी आठवड्याला तासभर लागतो. प्रशस्ती लिहिणारी व्यक्ती नातेवाईक चालत नाही, म्हणून आपल्याच आईच्या वर्गात कोणाला घालणार नाही. दुसरं, वर्क एक्स्पीरिअन्ससाठी ज्यांना आपल्या कार्यालयात एखादं मूल आठवडाभर घेता येईल त्यांनी कळवावं. मोठ्या पदांवरच्या सभासदांच्या मुलांना जागा मिळतातच. नुकत्याच आलेल्या, कुणाशी ओळख नसलेल्या घरांतल्या मुलांना मिळत नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. तिसरं, लहान झालेले ब्लेझर आणि पीई किट धुऊन, शाळेचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा. इयर सेव्हनला जाणाऱ्यांचे पालक नवा ब्लेझर दोन मापं मोठा घेतात हे माहीत आहे, तरी पोरं दोन वर्षांत त्याच्याही बाहेर जातात.

सार्वजनिक गणपती १४ तारखेला न बसवता शनिवार-रविवार, १९ आणि २० सप्टेंबरला करू. पंचांगाच्या दृष्टीने हे ज्यांना रुचत नाही त्यांच्या भावना समजतात, पण सोमवारी हॉल भरून मुलं मात्र शाळेत, असा उत्सव कोणासाठी करायचा? लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे ऑक्टोबरची हाफ टर्म उलटून गेल्यावर, आणि इयर इलेव्हनच्या मॉक्स बऱ्याच शाळांत त्याच सुमारास. त्यामुळे दिवाळीच्या नाटकाच्या तालमी हाफ टर्ममध्येच उरकायच्या आहेत. नाटकात काम करणाऱ्या मुलांच्या पालकांनी मॉक्सच्या तारखा सप्टेंबरअखेरपर्यंत कळवाव्यात. ज्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी आहे त्यांचे प्रवेश पहिल्या अंकात टाकू, म्हणजे साडेसातला ती मुलं घरी जाऊ शकतील.