आधी टेबल, मग बीच!

नाताळात सहकुटुंब गोव्याला निघालात? मग २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाचं आधी बघा. त्या रात्री ख्रिश्चन घरांतली मंडळी मध्यरात्रीच्या मिसाला जातात, त्यामुळे घरगुती हॉटेलं बऱ्याचदा लवकर बंद होतात. मोठ्या हॉटेलांत गाला डिनर: माणशी ठरलेला दर, दणदणीत डीजे आणि जेवण उशिरा. तोवर पोरं पेंगणार, आजीची गोळी राहणार! माझा फंडा सोपा आहे. आठवडाभर आधी फोन करून तीनच प्रश्न विचारते: साडेसातला जेवण मिळेल? शाकुती सोडून बिनतिखट काय आहे? आजीला जिने किती चढावे लागतील? तिन्ही उत्तरं धड आली की टेबल बुक! आणि हो, बिबिंका राखून ठेवायला सांगा. पोरं झोपायच्या आत ती ताटात यायला हवी.