‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

लॅपटॉप सुरू होत नाही, एवढंच सांगत दुकानात शिरणाऱ्याला बरेचदा तितकंच आखूड उत्तर मिळतं: ‘बोर्ड गेला.’ मशीन उघडण्याआधीच लागलेला हा निकाल मुळीच मान्य करू नये.

या एका तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात वीजच पोहोचत नाही. दुसऱ्यात मशीन चालू असतं, स्क्रीन तेवढी काळी राहते. पंखा फिरतोय का, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का, हे आधी पाहावं. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावर पुसट अक्षरं दिसली, तर बिघाड बॅकलाइटचा. रॅमची पट्टी सैल झाली तरी स्क्रीन काळी राहते, आणि ती नीट बसवणं काही मिनिटांचं काम आहे.

वीजच नसेल तर सुरुवात चार्जरपासून. गोल पिनच्या बऱ्याच चार्जरवर 19 किंवा 19.5 व्होल्ट छापलेलं असतं. तेवढे येतात का, ते मल्टिमीटर सांगतो. टाइप-सी चार्जर मात्र आधी 5 व्होल्टच देतो आणि लॅपटॉपनं मागितल्यावर 20 पर्यंत चढतो. त्यामुळे मोबाइलचा चार्जर लावून काहीच ठरवता येत नाही. मग चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावं. साचलेला चार्ज उतरतो आणि कित्येक मशीन एवढ्यावरच उठतात. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथंच थांबावं.

खरंच बोर्डपर्यंत गोष्ट आली, तरी अख्खा बोर्ड क्वचितच मरतो. चिप-लेव्हल काम जाणणारा कारागीर बोर्डला पॉवर सप्लाय जोडून तो किती करंट ओढतो ते पाहतो. भलताच ओढत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे. मग कमी व्होल्टेज देऊन वर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतो. ते सर्वांत आधी जिथून उडतं, तिथला भाग तापलेला. बरेचदा तो तांदळाच्या दाण्याहून लहान कॅपॅसिटर निघतो. सुट्या कॅपॅसिटरची किंमत नगण्य. पैसे त्या नजरेचे, आणि ते मोकळ्या मनानं द्यावेत.

बोर्ड बदलायलाच लागला, तरी एसएसडी सुटी असेल तर आतला मजकूर बहुधा शाबूत असतो. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कुलपानं बंद असेल तर रिकव्हरी की मात्र हाताशी हवी. ती आजच, लॅपटॉप चालू असतानाच, कागदावर उतरवून ठेवा. आणि दुकानात ‘बोर्ड गेला’ ऐकलंत, तर होकार देण्याआधी एवढंच विचारा: ‘मोजून पाहिलंत का? रीडिंग काय आलं?’