ट्रकमालक आणि दलालीचा हिशेब

गेल्या मार्चमध्ये दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरात एका कामासाठी जाणे झाले. ‘एमएच १५’ची नंबरप्लेट पाहून थांबलो आणि मराठीत विचारपूस केली. निफाडची द्राक्षे जवळच्याच आझादपूर मंडईत उतरवून आलेले ते गृहस्थ गाडीचे मालकही होते आणि चालकही. परतीच्या भाड्याची वाट पाहण्याचा त्यांचा तो तिसरा दिवस होता. दलालाकडे गेला नाहीत का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, दलालाशिवाय माल मिळत नाही आणि दलालाकडून पैसा लवकर सुटत नाही.’’ या तक्रारीच्या दोन्ही बाजू तपासण्याजोग्या आहेत.

एक-दोन गाड्यांच्या मालकाला परक्या शहरात कोणाचा माल कोठे जायचा आहे हे कळण्याचे साधन नसते. कारखानदार मोठ्या वाहतूकदाराला काम देतो, वाहतूकदार दलालाला कळवतो आणि दलाल गाडी शोधतो. अलीकडे मोबाइलवरील ॲपही हेच काम करतात. या मध्यस्थीचा ट्रकमालकाला फायदा होतो का, हा खरा प्रश्न आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडू. कर्जाचा हप्ता, विमा, कर आणि पगार मिळून गाडी उभी राहिली तरी दिवसाला २,५०० रुपये खर्च येतो असे समजा. परतीचे भाडे ३०,००० रुपये आणि दलाली ५ टक्के, म्हणजे १,५०० रुपये. स्वतः माल शोधण्यात दोन दिवस अधिक गेले तर ५,००० रुपये बुडतात. म्हणजे दलाली स्वस्त पडली. माहितीच्या शोधालाही किंमत मोजावी लागते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली मांडले होते. त्याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही. ‘दलाल हटवा’ ही घोषणा म्हणूनच मला पटत नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो आणि उरलेला पोचपावती परत आल्यावर. ती शिल्लक दोन महिने अडकली, तर डिझेल उधारीवर भरणारा हा मनुष्य प्रत्यक्षात दलालालाच बिनव्याजी कर्ज देत असतो. शिवाय माल पाठवणाऱ्याने मुळात किती भाडे मोजले, हे त्याला कळत नाही. ते ३६,००० रुपये असेल, तर खरी दलाली १,५०० नसून ७,५०० रुपये होते. तोच माल पाठवणारा थेट गाठता आला असता, तर दोन दिवस उभे राहणेही परवडले असते.

कायदा येथे कितपत उपयोगी पडतो? मालाच्या रस्तेवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात दलालालाही ‘सामान्य वाहक’ मानून नोंदणी सक्तीची केली आहे. पण त्याचा मुख्य भर माल पाठवणाऱ्याच्या नुकसानभरपाईवर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ‘ॲग्रिगेटर’ची व्याख्या आली, ती मात्र प्रवासी आणि चालक यांना जोडणाऱ्या मध्यस्थापुरती. मालाची भाडी जुळवणारे ॲप तीत बसत नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. परंतु ज्याच्याकडून उद्याचे भाडे मिळायचे, त्याच्याविरुद्ध दाद मागायला एका गाडीचा मालक सहसा धजावत नाही.

अमेरिकेत मालवाहतुकीच्या दलालाला २०१३ पासून ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, आणि व्यवहाराची नोंद पाहण्याचा हक्क वाहनमालकाला नियमानेच आहे. करारातील अटींमुळे तो हक्क अनेकदा सोडून द्यावा लागतो, अशी तेथील वाहनमालकांची तक्रार आहे. म्हणजे नुसता नियम पुरत नाही. तरीही नियमापासून सुरुवात करावी लागते.

भाड्याचे दर सरकारने ठरवावेत, या मताचा मी नाही. गाड्या किती, माल किती, हंगाम कोणता, यावर ते दिवसागणिक बदलतात, आणि दिल्लीत बसून ते ठरवू गेल्यास खरा व्यवहार कागदाबाहेर होईल. मात्र दोन गोष्टी शासनाला करता येतील. माल पाठवणाऱ्याने मोजलेले संपूर्ण भाडे आणि त्यातून कापलेली रक्कम बिल्टीवर लिहिणे दलालाला आणि ॲपलाही बंधनकारक करावे. दुसरे, नोंदणीच्या वेळी अनामत घ्यावी, आणि पोचपावतीनंतर ठरलेल्या मुदतीत शिल्लक न दिल्यास तिच्यातून ती चुकती करावी.

एवढे झाले तर दलाली ही सेवेची किंमत ठरेल, आणि ती मोजायला बहुतेक ट्रकमालक खळखळ करणार नाहीत. आज मात्र मध्यस्थ फायद्याचा की तोट्याचा, हे ठरवण्यासाठी लागणारा आकडाच त्यांच्यापासून झाकलेला आहे.