हृदयाच्या पेशी येतात कुठून?

खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या फलित अंड्यात दुसऱ्याच दिवशी, साधारण ३३ ते ३६ तासांनी, हृदय धडधडू लागते. मानवी भ्रूणात हा क्षण फलनानंतर बाविसाव्या दिवसाच्या आसपास येतो.

हे ठोके देणाऱ्या स्नायुपेशी जागच्या जागी उगवत नाहीत. भ्रूणाच्या चपट्या चकतीवर आदिरेषा उमटते. तिच्यातून आत उतरलेल्या काही पेशी मध्यस्तरातून पुढे सरकतात, डोक्याच्या बाजूला डावी-उजवीकडे पट्टे धरतात आणि मग मधोमध जुळून एकच नळी बनवतात. मेरी रॉल्स यांनी १९४३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचे तुकडे वेगळे वाढवून हृदय घडवणारे भाग निश्चित केले. १९६६ मध्ये रोझेनक्विस्ट आणि डीहान यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या पेशींचा माग काढून त्यांच्या वाटचालीचा नकाशा मांडला.

२००१ मध्ये तीन संशोधक गटांनी दाखवून दिले, की ही नळी बनल्यावरही तिच्यात बाहेरून नव्या पेशी येत राहतात. म्हणजे हृदयपेशींची दोन कुळे आहेत: आधी नळी बनवणारे पहिले आणि नंतर येऊन मिळणारे दुसरे. पहिल्या कुळातून मुख्यतः डावा निलय घडतो. दुसऱ्यातून उजवा निलय आणि रक्त बाहेर नेणारा मार्ग तयार होतो. अलिंदांना दोन्ही कुळांचा हातभार लागतो. बाहेरचा मार्ग महारोहिणी आणि फुप्फुसधमनी असा दुभागतो, तो चेतातंत्राच्या कडेहून आलेल्या तिसऱ्या प्रकारच्या पेशींमुळे.

त्यामुळे जन्मजात दोषांचा अर्थ लागतो. ओठ-नखे निळी पाडणारा फॅलोचा विकार या बाहेरच्या मार्गाच्या घडणीतील बिघाडातून होतो. हजारात सुमारे आठ-नऊ बाळे हृदयदोष घेऊन जन्मतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत असे दोष शोधतात. दोष सापडणे जितके मोलाचे, तितकेच तो का घडला हे कळणेही.

महाराष्ट्रात भ्रूणविकासाच्या अशा अभ्यासाची परंपरा आहे. एडिंबर्गला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरील अभ्यास रुजवला. पुढे आघारकर संशोधन संस्थेतही भ्रूणविकासावर काम झाले. अशा मूलभूत कामाला सातत्याने निधी मिळायलाच हवा. कारण प्रौढ हृदयातील स्नायुपेशी विशीत वर्षाला जेमतेम एक टक्का आणि उतारवयात त्याहूनही कमी नव्याने बनतात. हृदयविकाराच्या झटक्यात गमावलेल्या पेशी प्रयोगशाळेत घडवायच्या, तर भ्रूणातली त्यांची वाट पायरीपायरीने ठाऊक असावी लागते.