शोधायला नको, ठेवायला शिकवा



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण डब्याचाच आहे. घट्ट झाकणाचा एक लहान डबा, आत एक वही आणि पेन्सिल. हा डबा कुठेतरी ठेवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याला लिहून द्यायचे. त्याने आकड्यांवरून डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तिथे, होता तसा परत ठेवायचा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. माझं म्हणणं असं की हा खेळ आपल्या प्रत्येक शाळेत, वर्षभर आणि बिनखर्चात चालायला हवा. आणि त्यात मुलांना डबे नुसते शोधायला न लावता ते ठेवायला आणि सांभाळायला लावलं पाहिजे.

आपल्याकडे चाललंय ते वेगळंच. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेतून एक पत्रक आलं: 'ट्रेझर हंट, कृतीतून शिक्षण'. ठिकाण शहराबाहेरचं रिसॉर्ट. माणशी बाराशे रुपये, त्यात बस, नाश्ता, टोपी आणि पदक. मुलांच्या हातात कंपनीचा टॅब, टॅबवर बाण. बाण दाखवेल तिकडे धावायचं, पेटी उघडायची, चॉकलेट घ्यायचं, फोटो काढायचा. संध्याकाळी नातीला विचारलं, "उत्तर दिशा कुठे होती गं?" ती म्हणाली, "आजी, ते टॅबला माहीत होतं." बाराशे रुपये देऊन आपण टॅबला भूगोल शिकवला!

मूळ खेळ असा नाही. १ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारने सामान्य नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याचं जाहीर केलं. तोवर शंभर मीटर इकडेतिकडे भरकटणारी यंत्रं एका रात्रीत कितीतरी नेमकी झाली. ३ मे रोजी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एका काळ्या बादलीत काही वस्तू आणि एक वही ठेवली आणि जागेचे आकडे इंटरनेटवर कळवले. बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. आज या खेळात खाण्याचे पदार्थ ठेवायला बंदी आहे, म्हणजे रिसॉर्टचं ते चॉकलेटसुद्धा नियमाबाहेरचंच. नियम साधे होते: काही घ्याल तर काही ठेवा आणि वहीत लिहा. काही दिवसांतच लोकांनी ती बादली शोधली. पुढे जगभरात असे लाखो डबे झाले. सुरुवात एका बादलीने झाली, तिकिटाने नाही.

यात शाळेचं काय, असं विचाराल. बालभारतीच्या सहावीच्या भूगोलातल्या एका धड्याचं नावच आहे 'चला, वृत्ते वापरूया!' धडा म्हणतो वापरा, आणि आपण म्हणतो पाठ करा. मुलं अक्षवृत्ताची व्याख्या घडाघडा म्हणतात, नकाशात रेघा मारतात, गुण मिळवतात. पण आपली शाळा कोणत्या अक्षांशावर आहे, हे वर्गात विचारून पाहा. वापरायला सांगितलेली वृत्तं कुणी वापरलीच नाहीत.

आता डबा ठेवायला लावला तर काय होतं बघा. मी कॉमर्सची, त्यामुळे आकड्यांपासूनच सुरू करते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे ३१ मीटरच्या आसपास, वर्गाच्या तीन-चार खोल्यांएवढं अंतर. पुण्यातल्या एखाद्या मुलाने १८ अंश ३० मिनिटं हे १८.३० असं लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने खुणावण्याचीही गरज नाही. अंशाला मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत, म्हणून १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०. त्याच्या चुकीने डबा २२ किलोमीटर दक्षिणेला गेला. आणि दशांशचिन्हापुढे दोनच आकडे लिहिले तर शोधणारे किलोमीटरभराच्या टापूत फिरत बसतील. चार आकडे लिहिले की ते दहा-अकरा मीटरच्या आत येतात. दशांशचिन्हापुढच्या आकड्यांना एवढी किंमत असते, हे वहीतल्या उदाहरणांनी पटत नाही. मैत्रीण उन्हात वणवण करून परत येते आणि "तू चुकीचं लिहिलंस" म्हणते, तेव्हा पटतं.

दुसरं उदाहरण. एकाच झाडाखाली पाच फोन ठेवा, आकडे पाच निघतील. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनची चूक काही मीटरची असते. उंच भिंती आणि दाट झाडी असली की ती वाढते. मग कोणता आकडा खरा धरायचा? पुन्हा मोजा, वेगळ्या वेळी मोजा, सरासरी काढा. मोजमापात चूक असतेच आणि ती किती आहे हे प्रामाणिकपणे सांगायचं असतं, हे विज्ञानाचं पहिलं पाऊल आहे. नुसतं शोधणाऱ्या मुलाला ते टाकावं लागत नाही. ठेवणाऱ्याला टाकावंच लागतं, कारण त्याच्या आकड्यांवर दुसरं कुणीतरी विश्वासाने चालणार असतं.

म्हणून मी ठेवण्याचा आग्रह धरते. शोधणारा दहा मिनिटांत मोकळा होतो. ठेवणाऱ्याला जागा निवडावी लागते, परवानगी मागावी लागते, मोजावं लागतं, चार ओळींत खूण लिहावी लागते: अवघडही नको आणि सोपीही नको. आणि मग वर्षभर डबा सांभाळावा लागतो. वही भिजली का, पेन्सिल हरवली का, कुणी जागा हलवली का. या खेळात ज्याने डबा ठेवला त्याचीच देखभालीची जबाबदारी असते. गणित, भाषा आणि भूगोल एका डब्यात येतात, वर जबाबदारीही.

शिवाय वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची, हा नियम. जे आलं ते नावे, जे गेलं ते जमा. डब्यातल्या वहीचा दर महिन्याला ताळा करायला लावा, आठवीतल्या मुलाला जमाखर्चाचं मर्म कळेल. पाहणारं कुणी नसताना हिशोब बरोबर ठेवणं, याहून मोठं मूल्यशिक्षण मला तरी ठाऊक नाही. रिसॉर्टच्या पेटीत ते नव्हतं. तिथे फक्त घ्यायचं होतं.

आता आक्षेप. पालकसभेत हा विषय काढला की तेच तेच ऐकू येतात.

"आधीच मोबाइल सुटत नाही, त्यात शाळेनेही हातात द्यायचा?" रास्त आहे. पण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचा संदेश फोन नुसता ऐकतो आणि किमान चार उपग्रह मिळाले की जागा ठरवतो. सिमकार्ड काढलेला घरातला जुना फोनही चालतो, सुरुवातीला थोडा वेळ जास्त घेईल इतकंच. पाच मुलांत एक फोन, तोही पाळीपाळीने. जिथे तेवढेही फोन नाहीत तिथे होकायंत्र आणि पावलं आहेत. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली, पोचणाऱ्यांनी आपलं कार्ड त्यात टाकावं म्हणून. त्यातून लेटरबॉक्सिंगचा खेळ रुजला. तेव्हा कुठला आला उपग्रह? "झेंड्याच्या खांबापासून पूर्वेला चाळीस पावलं" हाही धडाच आहे, आणि माझं पाऊल व तुझं पाऊल सारखं नसतं हा त्यातला पहिला शोध.

"बेवारस डब्याला हात लावायला शिकवायचं? काही झालं तर?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. इंग्लंडमधल्याच वेदरबी गावात २०११ साली कॅफेबाहेर ठेवलेला असा डबा बॉम्ब समजून पथकाने स्फोट करून उडवला. आपल्या स्टेशनांवर बेवारस वस्तूला हात लावू नका असं रोज सांगतात आणि ते योग्यच आहे. म्हणून डबे शाळेच्या आवारातच. पारदर्शक डबा, वर शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांची सही. सगळ्या जागांची यादी कार्यालयात, आणि शिपाईमामांना पहिल्या दिवशीच कल्पना. यादी इंटरनेटवर टाकायचीच नाही, शाळेच्या वहीत ठेवायची. ज्याची नोंद आपल्या यादीत नाही त्याला हात लावायचा नाही, तर मोठ्यांना सांगायचं, हे मुलं या खेळातून उलट पक्कं शिकतील. किल्ले, लेणी, मंदिरं इथे डबे नकोतच. तिथे बिनडब्याचा खेळ खेळता येतो: आकडे द्या, तिथे जाऊन पायऱ्या मोजा, दगडाचा रंग पाहा, टाक्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. खडक आणि भूरूपं शिकवण्यासाठी परदेशात 'अर्थकॅश' नावाने हेच करतात. तिथे डबा नसतो, प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

तिसरा आक्षेप आपल्या घरांतला. मुलं दगड उलथतील, झुडपांत हात घालतील, जीवजंतू चिरडतील, आणि पावसाळ्यात तर पावलागणिक जीव. याबाबत मी तुमच्याच बाजूची आहे. पण या खेळाच्या नियमातच खणून पुरायला मनाई आहे. शाळेने आणखी एक नियम घालावा: डबा जमिनीवर नाही, दगडाखाली नाही, बिळात-ढोलीत नाही. खिडकीची चौकट, ग्रंथालयाचं कपाट, पाण्याच्या टाकीचा कठडा, जिन्याखालचा कोनाडा चालेल. हात घालण्याआधी डोळ्यांनी पाहायचं. याला आपण जयणा म्हणतो. विंचू, गांधीलमाशी यांच्यापासून मुलंही त्यामुळेच वाचतील.

आणि शेवटचा, "पोर्शन कधी संपवायचा?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची सोय आहे. ते दिवस मुख्यतः स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्यासाठी आहेत, ते तसेच राहू देत. पण भूगोलाच्या त्या दोन-तीन तासिका तर पोर्शनमध्येच आहेत ना? त्याच मैदानावर घ्या. वेळ वेगळा काढायला नको, फक्त बाक सोडायचे आहेत.

मैत्रिणींनो, आता जे मला खरं टोचतं ते. आपल्या मुलींचा नकाशा केवढा असतो? घर, शाळा, क्लास, आणि मधे व्हॅनची खिडकी. मुलगा सायकल घेऊन गल्लीबोळ पालथे घालतो. मुलीला आपण नेतो आणि आणतो. वीस वर्षांची झाली तरी "सोडायला कोण येणार?" हा प्रश्न सुटत नाही. आपल्या पिढीतल्या पदवीधर बायका गाडीत मागच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने गेल्या आणि रस्ता पुढच्या सीटवरच्यालाच ठाऊक राहिला. मुलीला स्वतःची जागा स्वतः ठरवता येणं, दिशा ओळखता येणं, "इथून तिथे मी जाऊ शकते" ही खात्री असणं, ही चैन नव्हे. गर्दीत चुकली तर तीच तिच्या कामाला येणार आहे.

म्हणून शाळेत हा खेळ सुरू झाला तर बाईंनी एवढं नक्की पाहावं की फोन आणि होकायंत्र मुलींच्या हातातही येतं. नाहीतर होतं काय, गटातला दांडगा मुलगा फोन घेऊन पुढे पळतो आणि मुली मागून नोंदवही सांभाळत चालतात. अक्षर चांगलं म्हणून वही मुलीकडे, हे पुरे झालं.

खर्च? शाळेत आठ डबे पुष्कळ झाले. रिकामे, घट्ट झाकणाचे पारदर्शक डबे आपल्या प्रत्येकीच्या माळ्यावर आहेत. आठ छोट्या वह्या आणि आठ पेन्सिली. एका मुलाच्या बाराशे रुपयांत अख्ख्या शाळेचा वर्षाचा खेळ होईल आणि वर पैसे उरतील. सातवीने ठेवायचे, सहावीने शोधायचे, सहामाहीनंतर उलट.

पालक-शिक्षक संघाची पुढची सभा असेल तेव्हा रिसॉर्टच्या पत्रकावर सही करण्याआधी हात वर करा आणि दोनच प्रश्न विचारा. दिवसाअखेर मुलांना उत्तर दिशा दाखवता येणार आहे का? आणि मुलं तिथे काही ठेवून येणार आहेत, की नुसतं घेऊन? उत्तर मिळालं नाही तर बाराशे रुपये परत पर्समध्ये टाका आणि माळ्यावरचे दोन डबे शाळेत नेऊन द्या.